कडबाकुट्टीची जाळी

उसाचं वाढं जाळीतून जात नव्हतं आणि अंगदचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं.

माघ सरला नव्हता तोवर विहिरीनं तळ दाखवला. घासाचा वाफा करपला, मका गुडघ्याएवढा होऊन तिथंच थांबला. गोठ्यातल्या गायांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना दोन्ही वेळा दावण भरलेली लागे. चिलारवाडीत सगळ्यांची तीच गत, म्हणून कारखान्याच्या बाजूनं वाढ्याचे टेम्पो यायला लागले होते. वाढं म्हणजे उसाचा शेंडा. कडब्याची पेंढी कशी सरळ चारा कापायच्या मशीनच्या तोंडात जाते. वाढं ओलं आणि लांबलचक, मनाला येईल तिकडं वाकतं. जाळीच्या सळयांत त्याचा गुंता व्हायचा. मग मोटार बंद करा, गुंता उपसा, पुन्हा मोटार चालू करा, तोवर लाईट जायची.

ही जाळी त्याच्या लेकीनं बनवली होती.

सुकन्या नववीत होती. गावच्या हायस्कुलात आठवड्यातून एक दिवस पोरं वर्कशॉपमध्ये जात, पोरीही जात. सुतारकाम, वायरिंग, वेल्डिंग, सगळं आपल्या हातानं करायचं, आणि शिकलेलं काम गावात कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे, असा साळवे सरांचा हट्ट. शमुवेल साळवे नगरच्या एमआयडीसीत उमेदीची वर्षं घालवून मग शाळेत आलेले, मानधनावर. त्यांनीच पोरांना गोठ्यात नेऊन विचारलं होतं, ‘या मशीनवर माणसाचा हात कुठं जातो?’ उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक वस्तीवर एखादं तरी माणूस होतं, ज्याच्या उजव्या हाताकडं टक लावून बघायचं नाही असं लेकरांना बजावलेलं असे. त्यातून जाळी निघाली. मशीनच्या तोंडावर सळयांचा पिंजरा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टीचे पाय, आणि पाय खालच्या पत्र्याला वेल्ड केलेले. चारा आत जावा, पंजा जाऊ नये, एवढीच फट.

पहिली जाळी सुकन्यानं घरच्याच मशीनला बसवली. सरांनी त्या दिवसापुरतं शाळेचं वेल्डिंग मशीन आणलं होतं. काच तोंडापुढं धरून ती ठिणग्यांत बसली होती आणि तिची आई ज्योती लांबून ओरडत होती, “अगं डोळं जातील! सासरी गेल्यावर भाकऱ्या काय वेल्डिंगनं भाजनार हायेस व्हय?” ओरडली आणि नंतर नारळही तिनंच फोडला. अंगद तर महिनाभर डेअरीवर सांगत सुटला होता, “आमची ज्योती कापड शिवती आन सुकन्या लोखंड.” पुढं गावातल्या बऱ्याच घरांनी जाळ्या बसवून घेतल्या. लेकीचं नाव झालं की बापाची मान आपोआप ताठ होते, त्यात अंगदची आधीच जरा ताठ.

पण आज गाया हंबरत होत्या आणि वाढं अडकत होतं. जाळीची एक बाजू जराशी वर उचलली तर फट मोठी होईल, असा त्यानं विचार केला आणि हातोडा आणला. पट्टी आधी वाकली. त्यानं आणखी दोन घाव घातले. मग जोडाच्या शेजारी पट्टीच तुटली आणि जाळी एका अंगाला लोंबली.

अंगद तसा वाईट माणूस नव्हे. पण चूक झाली की ती दुरुस्त करण्याआधी झाकायची, ही त्याची लहानपणापासूनची खोड. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर सुकन्या जाळीवरून एकदा हात फिरवायची. तिला हे कसं दाखवायचं? ती रागावली नसती, नुसती बघत राहिली असती, आणि अंगदला तेच नको होतं. त्यानं बांधकामाची बारीक तार घेतली आणि तुटलेला पाय पत्र्याला आवळून बांधला. समोरून बघितलं तर जाळी होती तशी दिसत होती. कर्जतला जाऊन कुणाला तरी आणू आणि गुपचूप वेल्ड करून घेऊ, असं त्यानं ठरवलं.

मग त्याच्या लक्षात आलं की तार सैल केली की जाळी वर उचलता येते आणि वाढं भराभर जातं. काम झाल्यावर ती पुन्हा खाली ओढून ठेवायची. कर्जतला जाणं आज-उद्यावर पडत गेलं. संध्याकाळी लेकीसमोर मशीनपाशी उभं राहायचं तो टाळू लागला. ती हात फिरवायची ती नेमकी चांगल्या बाजूवरून.

घोडेगावच्या बाजाराला तो एक कालवड घेऊन गेला त्या दिवशी चारा कापायचं काम ज्योतीकडं आलं. ज्योतीला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, त्यानं सांगितलं नाही. पहाटे टेम्पोत कालवड चढवताना एकदा ओठावर आलं होतं. पण टेम्पोवाला घाई करत होता, आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

जाळी नसती तर ज्योती जपून असती. जाळी आहे म्हणून तिनं बिनधास्त तिच्यावर डावा तळहात टेकला आणि उजव्या हातानं वाढ्याचा गुंता आत रेटला. तार सुटली. जाळी उलटली, तोल गेला, आणि उजवा हात रोलरपर्यंत गेला.

सुकन्या शाळेला निघाली होती. तिनं धावत येऊन मोटार बंद केली, आईचा हात ओढणीत गुंडाळला आणि शेजारच्या बजरंगकाकांना हाक मारली. बजरंगनं जीप काढली. कर्जतच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि नगरला न्यायला सांगितलं.

अंगदला फोन बाजारात लागला. गिऱ्हाइकाच्या हातात कालवडीचं दावं तसंच सोडून तो निघाला. वाटेत त्याला फक्त तार दिसत होती. तो दवाखान्यात पोहोचला तेव्हा ज्योतीला आत नेत होते. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मधली दोन बोटं गेली होती, तिसऱ्याचं अजून काही सांगता येत नव्हतं. ओढणी काळी पडली होती. सुकन्या स्ट्रेचरची दांडी धरून चालत होती.

ज्योतीनं मान वळवून लेकीकडं बघितलं. “तुझा जोड निसटला गं,” ती म्हणाली. “जीव लावून तुला शिकीवलं आन तूच माझा हात खाल्लास. पुन्ना तोंड दावू नगंस मला.”

वेदनेत माणूस काहीही बोलतं, हे खरं. पण ती हे ओरडून बोलली नाही, हळू बोलली. सुकन्याचा हात दांडीवरून निसटला. अंगद दोन पावलांवर उभा होता. त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सनं हाक मारली, पेशंटचे मालक कोण, सही करा, आणि तो हायसं वाटल्यासारखा सहीला गेला. सही करताना आपल्याला हायसं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

धारेला कुणीतरी हवं म्हणून सुकन्याला बजरंगच्या जीपमधून परत पाठवलं. अंगद दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आला. लेक पाण्याला गेली होती. मशीनच्या पायाशी वाढ्याचा चोथा सुकून पडला होता आणि त्यात तार होती, त्यानं दिलेला पीळ अजून तिच्यात तसाच. त्यानं ती उचलून उकिरड्यात खोल खुपसली. दारावरून भंगाराचा टेम्पो चालला होता. त्यानं टेम्पो थांबवला, जाळी उरलेल्या पायापाशी करवतीनं कापली आणि टेम्पोत टाकली. “डोळ्याफुडं नगं ते,” असं तो भंगारवाल्याला म्हणाला. भंगारवाला हळहळला. ती हळहळही त्यानं मुकाट घेतली.

ज्योती घरी आली ती उजवा हात गळ्यात अडकवून. तिला सगळं दुसऱ्याकडून करून घ्यावं लागे. सुकन्या पुढं आली की ती भिंतीकडं तोंड करायची. मग अंगदच भाकरी दुधात कुस्करायचा, तांब्या तोंडाला लावायचा, तिची वेणी घालायचा. बैलाच्या कासऱ्याला पीळ देणारा माणूस, त्याला वेणी कुठली जमायला! केस ओढले गेले की ती “स्स” करायची आणि मग म्हणायची, “ऱ्हाऊ द्या. लई करताय तुमी माझ्यापायी.” हे ऐकलं की त्याला वाटायचं, हिनं एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

गावात बायका भेटायला यायच्या आणि जाता जाता सुकन्याकडं बघायच्या. “पोरीच्या जातीला कशाला पायजे हुता ह्यो उद्योग,” असं कुणीतरी हटकून म्हणायचं. सुकन्या खाली मान घालून चहा द्यायची. धार काढायची, शेण भरायची, मशीन बंद म्हणून विळ्यानं चारा तोडायची, मग शाळेला पळायची. वर्कशॉपच्या दिवशी मात्र पोट दुखतंय म्हणून घरी राहिली. तिच्या मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग होते. ते झाकायला तिनं उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सुरुवात केली. अंगदनं ते बघितलं. बघितलं नाही असं दाखवून तो गायांना पाणी दाखवायला गेला.

एका संध्याकाळी साळवे सर आले. अंगणातल्या बाजेवर टेकले, चहाला नको म्हणाले.

“अंगदराव, ती जाळी मला बघायला मिळेल का?”

“भंगारात घातली, सर.”

“मी स्वतः तपासली होती हो. हातोडीनं ठोकून बघितली होती. जोड पक्का होता.” त्यांनी दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला. “पण माझंच काहीतरी चुकलं असणार. आता डोळेही आधीसारखे राहिले नाहीत. वहिनींपुढं यायचं मला धाडस होत नव्हतं.”

“तसं काय न्हाई, सर,” अंगद म्हणाला. यापुढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्यानं बाजेचा सुटलेला सुंभ घट्ट करायला घेतली आणि सर जाईपर्यंत तेच करत बसला.

शेवटी शाळेत सभा भरली. बजरंग शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. माणूस तोंडाचा फाटका, मनानं चांगला. ज्योतीचं अंग तापलं होतं, ती घरीच थांबली. वर्गातल्या बाकांवर गावकरी अवघडून बसले होते आणि साळवे सर फळ्याजवळ उभे होते, हात मागं बांधून.

“हे बगा,” बजरंग म्हणाला, “सराबद्दल आमचं वाकडं न्हाई. पन लेकरांच्या कामावर मानसाचा जीव टांगायचा म्हंजी काय? आमच्या घरची जाळी म्या कालच कटरनं उडीवली. बाकीच्यांनी बी काडून टाका. आन त्ये वर्कशॉप बंदच करा.”

बजरंगच्या मशीनवर त्याची सून चारा कापायची, ओली बाळंतीण असताना सुद्धा. तिच्या हातापुढची जाळी आता गेली होती. आपण झाकलेली एक तार आता कुठवर पोहोचली हे अंगदला दिसायला लागलं.

“अंगदा, तू बोल,” बजरंग म्हणाला. “तुज्या घरचं मानूस हाय.”

अंगद उभा राहिला. सगळे त्याच्याकडं कणवेनं बघत होते. शिव्या खायची तयारी करून तो आला होता, खरंच करून आला होता. पण कणवेला काय करायचं त्याला सुचेना. “म्या…” तो म्हणाला आणि थांबला.

“काका, मला बोलायचंय.”

मागं दारात सुकन्या उभी होती. ती पुढं आली. सरांकडं न बघता तिनं सांगून टाकलं, “सरांनी जोड तपासला तवा तो पक्का हुता. पट्टी जरा तिरकी वाटली म्हनून म्या नंतर घरी जोड तोडला आन परत मारला. सरांना सांगितलं न्हाई. त्यो कच्चा ऱ्हायला. बाकीच्यांच्या जाळ्या तपासलेल्या हायेत. त्या काडू नका.”

“घरी? मशीन कुठलं होतं तुझ्याकडं?” सरांनी विचारलं.

तिनं शर्टाच्या बाह्या मनगटावर खाली ओढल्या.

अंगदला माहीत होतं की हे साफ खोटं आहे. शाळेचं वेल्डिंग मशीन सरांनी त्याच दिवशी परत नेलं होतं, पुन्हा ते घरी आलंच नव्हतं. ज्या पोरीला धड निमित्त सांगता येत नव्हतं, ती सगळ्या गावासमोर खोटं बोलत होती. आणि तो उभा होता. त्यानं फक्त बसायचं काम केलं. बाकावर बसला, एवढंच.

मग लोकांचं ठरायला वेळ लागला नाही. वर्कशॉप चालू ठेवायचं, सरांनी सगळ्या जाळ्या पुन्हा तपासायच्या, आणि या पोरीला तिथल्या कुठल्याही मशीनला हात लावू द्यायचा नाही. सरांनी काही बोलायला तोंड उघडलं. सुकन्यानं मान हलवून त्यांना नको म्हटलं. बजरंगच्या बोलण्यातही जरा नरमाई आली होती. “पोर खरं बोलली, मोटं मन लागतं,” तो म्हणाला, आणि अंगदच्या खांद्यावर थोपटलं.

घराकडं जाताना दोघं पायवाटेनं चालले होते. दोन्ही बाजूंना उघडी रानं, भेगाळलेली. सुकन्या पुढं होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती पाय ओढत चालत होती.

“सुकन्या,” अंगद म्हणाला. “खोटं का बोललीस?”

“सरांचं काम गेलं असतं.”

“तुजा जोड कच्चा नव्हता.”

“ठाऊक हाय मला.”

तो थांबला. ती पण थांबली, पण वळली नाही.

“त्या दिवशी दवाखान्यातून आले तवा मशीनपाशी गेल्ते,” ती म्हणाली. “जोड हाय तसा हुता, पप्पा. पट्टी शेजारून तुटली हुती. हातोड्याचं घाव हुतं तिच्यावर. आन तार पडली हुती.”

“तार तू बगितलीस?”

“व्हय. उचलली न्हाई. तशीच ठेवली तुमच्यासाठनं. मला वाटलं, तुमी बगाल आन आईला सांगाल. सकाळी पान्यावरून आले तर तार न्हाई. जाळी बी न्हाई.”

“मग तू का न्हाई बोललीस, बाई?”

“मी कसं बोलू?” ती म्हणाली. “तुमी रोज आईची येनी घालत हुता. मला वाटायचं, आज सांगतील. रोज वाटायचं.”

ती चालायला लागली. अंगदला वाटलं आपण खाली बसावं, ढेकळात, आणि उठूच नये. पण ती पुढं जात होती आणि तिच्या मागं जाण्यावाचून इलाज नव्हता.

घरी ज्योती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. सुकन्या तिच्यासमोरून न थांबता गोठ्यात गेली. अंगद ज्योतीसमोर उकिडवा बसला.

“काय ठरलं सभेत?” तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. सभेचं नाही, हातोडा, तुटलेली पट्टी, तार, उकिरडा, भंगार. अडखळत सांगितलं, पण गाळलं काही नाही. सुकन्या सभेत काय बोलली तेही सांगितलं. बांधलेला हात ज्योतीनं मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं धरून ठेवला.

“मार मला,” अंगद म्हणाला. “दुसऱ्या हातानं मार.”

“बोटं गेली,” ती म्हणाली. “आवो, चुकून जातात मानसाची बोटं. घाईत हुतं. तुमी मुद्दाम न्हाई केलं, मला कळतंय. पन मी माज्या पोरीला काय बोलले, ते ऐकत तुमी उभं हुता. तोंड दावू नगंस म्हनले मी तिला. इतकं दिस तिच्या हातचं पानी प्याले न्हाई. ते समदं तुमी बगितलं. आन माजी येनी घातली.”

अंगदनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.

“उद्या शाळेत जायाचं. समद्या गावाला बोलवायचं आन हेच सांगायचं,” ती म्हणाली. “मी फुडं बसनार हाय. तुमची जीभ अडली तर मी सांगंन. आन बजरंग भाऊजीच्या घरी आत्ता जा. त्यांची सून मशीनवर बसली असंल.”

ती भिंतीचा आधार घेत उठली. अंगद आधार द्यायला पुढं झाला तर तिनं कोपरानं त्याला बाजूला सारलं आणि एकटीच अंगण ओलांडून गोठ्यात गेली.

सुकन्या जमिनीवर बसून विळ्यानं वाढं तोडत होती. आई आत आलेली तिला दिसली, तरी हात थांबला नाही. ज्योती तिच्यासमोर बसली. मग तिनं डाव्या हातानं वाढ्याची एक जुडी ओढली आणि लेकीच्या पुढ्यात, विळ्याखाली, धरली.

दारात अंगद उभा होता. बजरंगकडं जायला निघालेला, तिथंच थबकलेला.

सुकन्याचा विळा हवेतच थांबला. जुडीवरचा आईचा हात तिनं हळूच मागं सारला.

“आई, हात लांब ठेव,” ती म्हणाली. “माझ्याकडून लागंल.”